पिन बसली, पण वस्तू चालेना: परदेशात नेलेल्या आणि तिकडून आणलेल्या विजेच्या वस्तूंचं समस्या निवारण

आधी लक्षणं. यातलं तुमचं कोणतं ते ओळखा, मग पुढे वाचा.

- अमेरिकेत मुलीकडे नेलेला मिक्सर फिरतो, पण जीव नसल्यासारखा. रिकामं भांडं घुमतं. ओलं खोबरं आणि मिरच्या टाकल्या की घूंऽ करून अडतो.
- राइस कुकर, किटली, इस्त्री यांचा दिवा लागतो, पण अर्ध्या तासानंतरही पाणी कोमटच.
- इंडक्शन शेगडी पीं-पीं करते, पडद्यावर 'ई'च्या पुढे कसलातरी आकडा दाखवते आणि बंद पडते.
- प्लग लावला, काहीच नाही.
- अडॅप्टर तापतो, भिंतीत लोंबतो, आतून चर्रचर्र आवाज येतो.
- बटण दाबलं आणि हॉटेलच्या खोलीतला उजेडच गेला.
- चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या येतात.
- आणि उलटा प्रकार: तिकडून आणलेला ड्रायर, कुकर किंवा एक्स्टेंशन बोर्ड इथे लावला, दोन सेकंद झकास चालला, मग फट् आवाज आणि जळका वास.

माझं नाशिकला रविवार कारंजाजवळ मिक्सर, इस्त्री, गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. आपल्याकडचे आई-वडील मुलांकडे जायचे आणि परत यायचे दिवस आले की या तक्रारींची रांग लागते. व्हिडिओ कॉल येतात ते वेगळेच. न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी मिक्सर उलटा धरून दाखवत असतं आणि मागून आवाज येतो, "दादा, पिन तर बरोबर बसली होती हो!" बहुतेक वेळा वस्तूत काडीचा बिघाड नसतो. पिन बसली म्हणजे वीजही जुळली, असं धरून चालल्यामुळे सगळी भानगड होते. म्हणून खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकटातल्या आहेत, आणि काम बहुधा तिथेच निघतं.

सॉकेटमध्ये वीज आहे का?

"काहीच होत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हे बघा. बऱ्याच हॉटेलांत दाराजवळच्या खाचेत चावीचं कार्ड ठेवल्याशिवाय सॉकेटला वीजच येत नाही. ब्रिटन, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथे सॉकेटवर सहसा आपल्यासारखं बटण असतं. ते बंद राहिलेलं असतं. अमेरिकेत सॉकेटला बटण नसतं, त्यामुळे वीज कायम असणारच असं आपण समजतो. पण तिथल्या बैठकीच्या खोलीतलं एखादं सॉकेट दाराजवळच्या दिव्याच्या बटणावर जोडलेलं असतं.

अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये सॉकेटच्या मधोमध दोन छोटी बटणं दिसतील, 'टेस्ट' आणि 'रिसेट'. करंट कुठे गळतोय असं वाटलं की हे सॉकेट स्वतःच वीज तोडतं. शिवाय एकाच लाइनवरची पुढची सॉकेटंही त्याच्याबरोबर मरतात, म्हणजे ओट्यावरचं सॉकेट बंद आणि रिसेटचं बटण भलत्याच भिंतीवर, असंही होतं. रिसेट दाबा. लगेच पुन्हा पडलं तर परत दाबू नका. तुमच्या वस्तूतून करंट अंगावर गळतोय असं समजा आणि ती बाजूला ठेवा.

खात्री करायची तर खोलीतलाच टेबल लॅम्प त्या सॉकेटला लावून बघा. लागला तर सॉकेट ठीक, पुढे चला. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी सोडून लोक स्क्रू ड्रायव्हर घेऊन मिक्सर उघडायला बसतात. मग मिक्सर बिघडतो तो उघडल्यामुळे.

ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी पिनांच्या सॉकेटबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्याच्या खालच्या दोन भोकांना आतून झडपा असतात. वरची लांब अर्थ पिन आत गेली की झडपा उघडतात, म्हणून आपला दोन पिनांचा प्लग तिथे जात नाही. मग आपली मंडळी वरच्या भोकात पेनाचं टोपण किंवा चमचा घालून झडप उघडतात. पोरांची बोटं आत जाऊ नयेत म्हणून केलेली सोय आपणच मोडायची, आणि वर त्या सॉकेटात आपली पिन नीट पकडतही नाही. दोन-तीनशे रुपयांचा अडॅप्टर घ्या की.

तळाची पट्टी वाचा

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि हिला एक पैसाही लागत नाही. प्लग काढा, वस्तू उलटी करा. मिक्सर असेल तर तळाला रबरी पाय, ओव्हरलोडचं लाल बटण आणि शेजारी माहितीची पट्टी असते. घरातला मिक्सर असेल तर तिच्यावर हळद, तेल आणि पिठाचा चांगला थर बसलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, मग अक्षरं वर येतात. चार्जरवर ही माहिती राखाडीवर राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. फोटो काढून मोठा करून वाचा.

'इनपुट' शब्दापुढे तीनपैकी एक प्रकार सापडेल.

'१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ'. हर्ट्झ म्हणजे फ्रिक्वेन्सी, वीज सेकंदाला किती हेलकावे घेते तो आकडा. ही वस्तू जगात कुठेही चालते, फक्त पिन जुळवा. मोबाइलचे, लॅपटॉपचे, कॅमेऱ्याचे आजचे चार्जर बहुतेक असेच असतात. आतला सर्किट बोर्ड आलेल्या विजेप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे यांना ट्रान्सफॉर्मर लावायची गरज नाही.

'२२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ' किंवा नुसतं '२३०'. आपले मिक्सर, इस्त्री, किटली, कुकर, गिझर, पाण्यात बुडवायचा रॉड सगळे यातले. २३० च्या देशात चालतील, १२० च्या देशात नाहीत.

'११०/२२०' किंवा '१२०/२४०', म्हणजे दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ नसून तिरपी रेघ. इथे सांभाळा. अशी वस्तू आपोआप जुळवून घेत नाही. तिच्या अंगावर कुठेतरी व्होल्टेज बदलायचं बटण असतं. प्रवासी हेअर ड्रायरच्या मुठीवर नाण्याने फिरवायची खाच असते ती हीच. अमेरिकेत खाच ११० वर फिरवली, सहा महिने वापरला, परत आल्यावर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तसाच लावला की ड्रायर गेलाच. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या ड्रायरमध्ये हा प्रकार हमखास असतो. बॅगेतून काढल्या काढल्या आधी ती खाच बघायची सवय लावा.

पट्टी वाचताच येत नसेल किंवा निघून गेली असेल, तर ती वस्तू नेऊ नका. अंदाजावर वीज लावायची नसते.

देश कोणता?

आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ब्रिटन, जवळजवळ सगळा युरोप, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, श्रीलंका, नेपाळ, थायलंड इथे २२० ते २४० च्या आसपास आणि ५० हर्ट्झच आहे. तिथे आपला मिक्सर अगदी मजेत चालतो, प्रश्न फक्त पिनेचा. जर्मनीला शिकायला निघालेल्या पोरांनी मिक्सर नेला तर मी अडवत नाही.

अमेरिका आणि कॅनडा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तैवान ११० व्होल्ट. जपान १०० व्होल्ट, आणि तिथली गंमत म्हणजे एकाच देशात दोन फ्रिक्वेन्सी: टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन, ते अजून निस्तरलेलं नाही. ब्राझीलमध्ये शहरागणिक १२७ किंवा २२०. सौदीत आता २३० व्होल्ट, ६० हर्ट्झ आहे, पण जुन्या इमारतीत १२७ ची लाइन असू शकते. खोली घेताना विचारा.

व्होल्टेज निम्मं झालं तर वस्तू निम्म्या ताकदीने तरी चालेल, असा हिशेब सगळेच करतात. तो चुकतो. तापणाऱ्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० वर १००० वॉट खाणारी इस्त्री १२० वर जेमतेम २७० वॉटची उरते, म्हणजे पाव हिश्शाच्या थोडी वर. ७०० वॉटचा राइस कुकर १९० वॉटवर येतो. त्यात भात शिजत नाही, आंबतो. यात वस्तू खराब होत नाही, वेळ वाया जातो इतकंच.

मिक्सरचं तसं नाही. मिक्सरच्या मोटरला फ्रिक्वेन्सीचं काही पडलेलं नसतं, कारण ती कार्बन ब्रशची मोटर असते. पण कमी व्होल्टेजवर तिच्यात जोर राहत नाही. भांड्यात खोबरं पडलं की ती अडते. अडलेल्या मोटरचा पंखाही थांबतो, करंट मात्र वाइंडिंगमधून जातच राहतो. तेव्हा "जरा वेळ दाबून धरू, फिरेल" असं करू नका. गरम वार्निशचा वास आला तर समजा, कॉइल भाजायला लागली.

आता उलट बाजू, कारण खरं नुकसान इकडेच होतं. १२० ची वस्तू २३० वर लावली की ताकद साडेतीन पटीच्या वर जाते. अमेरिकेचा १५०० वॉटचा ड्रायर आपल्या बोर्डावर क्षणभर साडेपाच हजार वॉट ओढतो. घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं, आणि याला लागतात २४. दोन सेकंद वावटळीसारखा वारा येतो, मग तार लाल होऊन तुटते किंवा आतला थर्मल फ्यूज उडतो. तो उडाला तर नशीब चांगलं म्हणायचं.

तिकडून आणलेले एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच लावू नका. त्यात वाढीव व्होल्टेज गिळण्यासाठी एक चकतीसारखा पार्ट असतो. १२० च्या हिशेबाने बसवलेल्या त्या पार्टला आपले २३० म्हणजे वीज पडल्यासारखेच वाटतात. तो तापतो, फुटतो, प्लास्टिक पेटवूही शकतो.

हातात अडॅप्टर आहे की कन्व्हर्टर?

विमानतळावर आणि एम. जी. रोडच्या दुकानांत मिळतो तो पांढरा ठोकळा, चार बाजूंनी पिना सरकवून बाहेर काढायच्या, दोन यूएसबी, किंमत हजारच्या आत-बाहेर. तो अडॅप्टर. नळाला लावलेल्या कपलिंगसारखं त्याचं काम आहे: पाइप बसतो, पाण्याचं प्रेशर बदलत नाही. दुकानदार "वर्ल्डवाइड, सगळं चालतं" म्हणतो ते पिनेपुरतंच खरं.

मग लोक कन्व्हर्टर मागतात, आणि तिथे पुन्हा दोन जाती. एक हलका, मुठीत मावणारा आणि तरी अंगावर १६०० किंवा २००० वॉट लिहिलेला. हा विजेची लाट कापून व्होल्टेज कमी केल्याचा भास देतो. साध्या तापणाऱ्या वस्तूला, तीही थोडा वेळ, ते चालतं. मोटरला आणि सर्किट बोर्ड असलेल्या वस्तूला नाही. १२० चे २३० करायला तर असल्या कन्व्हर्टरचा उपयोगच नसतो.

दुसरी जात खरा ट्रान्सफॉर्मर: लोखंडाचा गाभा, तांब्याची तार, हातात घेतला की मनगट खाली जातं. अमेरिकेत आपली वस्तू चालवायची तर स्टेप-अप, तिकडची वस्तू इथे चालवायची तर स्टेप-डाउन. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते, म्हणून क्षमता मिक्सरच्या वॉटच्या दुप्पट धरायची. ७५० वॉटच्या मिक्सरला १५०० चा ट्रान्सफॉर्मर. हा धोंडा २३ किलोच्या बॅगेत घालायचा का, ते तुम्ही ठरवा. पापड, मेतकूट, चिवडा घरी ठेवून ट्रान्सफॉर्मर नेणारी मंडळी मी पाहिली आहेत. मला तो व्यवहार पटत नाही.

घरातला स्टॅबिलायझर नेऊन काम भागेल का, हा प्रश्नही कायमचा आहे. भागत नाही. स्टॅबिलायझर आपल्याकडचं वर-खाली होणारं व्होल्टेज २३० च्या आसपास आणतो. १२० सहसा त्याच्या पट्ट्यातच बसत नाही, तो सरळ वीज तोडतो.

माझं मत विचाराल तर किटली, इस्त्री, राइस कुकर, ड्रायर तिकडे गेल्यावर तिकडचेच घ्या. साध्या स्वस्त वस्तू आहेत आणि तिथल्या विजेसाठीच बनलेल्या असतात. मिक्सरचं मात्र खरं दुखणं आहे. तिकडच्या ब्लेंडरमध्ये स्मूदी होते. चकलीची भाजणी किंवा सुक्या खोबऱ्याचं वाटण होत नाही. त्यासाठी भारतीय कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, इथे मागवून आणि तिकडच्या भारतीय दुकानांतही. भांडी तीच, पाती तीच, मोटरचं वाइंडिंग वेगळं. घेताना पट्टीवर ११० किंवा १२० आणि ६० हर्ट्झ लिहिलंय हे डोळ्यांनी बघा. आणि परत येताना तो मुलाकडेच ठेवा. इथे आणलात तर वर सांगितलेल्या ड्रायरची गत होईल.

वॉट आणि अँपिअरचा हिशेब

व्होल्टेज जुळलं तरी अडॅप्टर तापतो, एमसीबी म्हणजे ब्रेकर पडतो, याचं कारण इथे सापडतं. अडॅप्टरच्या अंगावर ६, ८ किंवा १० अँपिअर लिहिलेलं असतं. २३० च्या देशात ६ अँपिअर म्हणजे साधारण १३८० वॉट. त्यावर २००० वॉटची किटली लावली की फ्यूज उडेल, किंवा स्वस्तातला असेल तर फ्यूजऐवजी अडॅप्टरच वितळेल. ब्रिटिश प्लगमध्ये प्रत्येकात स्वतःचा फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. किटलीच्या प्लगमध्ये ३ चा घातला असेल तर तो उडणारच.

अमेरिकेतल्या घरात एक लाइन सहसा १५ अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टवर १८०० वॉट. आपली २००० वॉटची इंडक्शन शेगडी भला मोठा ट्रान्सफॉर्मर लावून चालवली तरी ती लाइनकडून सोळा-सतरा अँपिअर मागणार आणि लाइन १५ ची असेल तर ब्रेकर पडणार. त्याच लाइनवर टोस्टर असेल तर आणखी लवकर. ब्रेकर एकदा पडला तर बाकीच्या वस्तू काढून एकदाच वर करून बघा. परत पडला तर थांबा. ब्रेकर पडतोय म्हणजे तो आपलं काम करतोय.

हॉटेलच्या बाथरूममध्ये 'शेव्हर ओन्ली' लिहिलेलं सॉकेट असतं. ते दाढीच्या मशीनपुरतं आहे. तिथे ड्रायर लावू नका.

पिनेची पकड आणि अर्थिंग

आपल्या गोल तीन पिना ब्रिटनच्या जुन्या मानकातून आल्या. ब्रिटनने १९४७ पासून चौकोनी पिना आणल्या, आपण गोलच ठेवल्या. युरोपचा बारीक दोन पिनांचा प्लग आपल्या सॉकेटात जातो, आपला तिकडे कधी जातो कधी नाही, आणि गेला तरी सैल बसतो. सैल पिनेपाशी ठिणगी उडते, ठिणगीने उष्णता वाढते. चर्रचर्र आवाज येतो तो हाच. वायर हलवून बघा. हलवल्यावर वस्तू चालू-बंद होत असेल तर अडॅप्टर फेकून द्या. जड चार्जर अडॅप्टरला लटकवू नका, वजनाने तो भिंतीतून बाहेर येतो. इथूनच एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड न्या आणि अडॅप्टर एकच लावा. हा सल्ला फक्त २३० च्या देशांसाठी.

अर्थिंगकडे कुणी बघत नाही. जर्मन सॉकेटात अर्थ बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्यांतून मिळतं, आणि स्वस्त अडॅप्टरला त्या पट्ट्यांसाठी जागाच नसते. म्हणजे तुमची तीन पिनांची इस्त्री चालते, पण विनाअर्थ. वस्तूच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तिला अर्थ लागत नाही. खूण नसेल आणि अंग धातूचं असेल तर अर्थवालाच अडॅप्टर हवा. तिसरी पिन कापून दोन पिनांचा प्लग करणारे कारागीरही आपल्याकडे आहेत. त्यांच्याकडून काहीच करून घेऊ नका.

लॅपटॉपच्या मुंग्यांचं उत्तर यातच आहे. चार्जरमध्ये विजेचा गोंगाट दाबणारा छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, असतो. अर्थ नसलं की त्याच्यातून अगदी थोडा करंट धातूच्या अंगावर येतो. तीन पिनांची वायर लावली की बहुधा जातो. मात्र अशाच मुंग्या इस्त्री, किटली किंवा कुकरला आल्या तर तो वेगळा प्रकार आहे. प्लग काढा, पुन्हा लावू नका.

फ्रिक्वेन्सी

इथवर आलेल्यांपैकी थोड्यांनाच हे लागेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारं अमेरिकेचं टेबल घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं, त्यात काही बिघडलेलं नाही. पण तिकडचा मायक्रोवेव्ह किंवा छोटा फ्रिज स्टेप-डाउन लावून इथे चालवू नका. ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर ५० वर जास्त तापते. महिनाभर चालेल, पाहुण्यांसमोर जाईल.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

परदेशात असाल आणि सॉकेट काळं पडलं, वितळलं किंवा गरम लागलं, तर हॉटेलच्या रिसेप्शनला किंवा घरमालकाला लगेच सांगा. स्वतः भिंतीतलं सॉकेट उघडू नका. इथले तुम्ही वायरमन असलात तरी नाही: तिथले तारांचे रंग वेगळे असतात आणि नियमही.

बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग बंद करा आणि ती वस्तू बॅगेत घालू नका. पॉवर बँक तशीही चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांपर्यंतच सहज चालते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी हवी. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची भरते.

मायक्रोवेव्ह घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीव घेण्याइतका भरलेला असू शकतो.

नेब्युलायझर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, झोपेत लावायचं श्वासाचं मशीन यांच्यावर वरचा कुठलाही प्रयोग करायचा नाही. श्वासाच्या मशीनचा चार्जर बहुतेक १००-२४० चा असतो, पण इथल्या कॉम्प्रेसरवाल्या नेब्युलायझरवर बहुधा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच लिहिलेलं असतं. निघण्याच्या दोन आठवडे आधी पट्टीचा फोटो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा आणि डॉक्टरांना सांगून तिकडे भाड्याने मिळेल का ते बघा.

इथे परत आल्यावर फट् झालेली वस्तू "एकदा बघू तरी" म्हणून पुन्हा लावू नका. पहिल्या वेळी फ्यूज किंवा तो चकतीसारखा पार्ट गेलेला असतो, दोन-तीनशेत काम होतं. दुसऱ्यांदा लावलं की मागचा बोर्ड जातो. दुकानात मी अशी वस्तू सरळ लाइनवर कधीच लावत नाही. आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे मध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब ठेवून. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद लागून स्थिरावला तर आशा आहे. लागलाच नाही तर कुठेतरी तार तुटली. घरी ही जुगाड मांडू नका, उघड्या तारांचं काम आहे.

दुरुस्तीला येताना नुसती वस्तू आणू नका. जो अडॅप्टर लावला होता तो आणा, ट्रान्सफॉर्मर असेल तर तोही. कोणत्या देशात लावली, किती वेळ चालली, वास आधी आला की आवाज, आणि त्यानंतर किती वेळा पुन्हा लावून बघितली, एवढं खरं खरं सांगा. शेवटच्या प्रश्नाला सगळे "एकदाच" म्हणतात.